वादिराजअण्णांचा सत्कार

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जेवणाआधी वादिराजअण्णा बोलायचे. एरवी आमची माणसं थेट पंगतीच्या वेळेला उगवतात. अण्णांसाठी मात्र ती तासभर आधी येऊन पुढच्या खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवायची.

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं, असं त्यांच्या घरात सांगत. तेव्हापासून घरात मराठी आणि बाहेर कानडी. नोकरी यशवंतपूरला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन लिहायला बसायचे. आमची जी मराठी आहे, कानडी शब्दांनी भरलेली, क्रियापदं भलतीकडे टाकणारी, तिच्यातच लिहायचे. पुण्याच्या एका मासिकाने त्यांचा लेख परत पाठवला. सोबत ओळ होती, ‘भाषा सुधारावी.’ अण्णांनी त्यावरच पुढच्या वर्षीचं भाषण केलं.

त्यांचा पुण्यातल्या दुकानाचा किस्सा आमच्यात सगळ्यांना पाठ होता. ‘थोडी’ म्हणायचं ते कानडी सवयीने अण्णा म्हणाले, “स्वल्प साखर द्या.” दुकानदार म्हणाला, “स्वल्पविराम ऐकलाय. स्वल्प साखर नाही ऐकली.” अण्णा म्हणाले, “आमच्या बंगळूरला उलटं. स्वल्प सगळं मिळतं, विराम तेवढा सिग्नललाच.” दर वर्षी हा किस्सा मागून घेतला जाई आणि दर वर्षी लोक पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

त्यांच्या लेखांत बायको असायचीच. वसुमतीअक्का पहिल्या रांगेत बसायच्या. अण्णा मध्येच थांबून विचारायचे, “बरोबर ना हो?” त्या बसल्या जागेवरून म्हणायच्या, “साफ खोटं.” की सभागृह कोसळायचं. त्यांच्या लेखांचं एकच पुस्तक निघालं, तेही मंडळाने काढलेलं. आमच्या प्रत्येकाच्या घरी ते आहे. बाहेर कुणाला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी अण्णा न्हाणीघरातून म्हणाले, “वसू, मोहरी दे.”

अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अंग पुसायला मोहरी?” आणि हसल्या.

“मोहरी,” अण्णा पुन्हा म्हणाले. मग जोरात, “मोहरी, मोहरी.”

अक्का हसत हसतच टॉवेल घेऊन गेल्या. अण्णा भिंतीला धरून उभे होते आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं.

दवाखान्यातून आले तेव्हा हातपाय बरेचसे हलत होते. गेली होती ती भाषा. त्यातही कानडी थोडी राहिली होती. नीरु, ऊटा, साकु, बेडा. पाणी, जेवण, पुरे, नको. मराठी आली तर भलतीच यायची. मुलीला, अनुषाला, ‘खुर्ची’ म्हणायचे आणि चूक झाली हे त्यांना कळायचं. मग कपाळावर हात मारून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कधी एक भाषा परत येते, कधी दुसरी.

वाचा सुधारायला सौम्या नावाची मुलगी घरी येऊ लागली. ती चित्रं दाखवायची, अण्णा कानडीत नाव सांगायचे, ती शाबासकी द्यायची. एकदा ती अक्कांना कानडीत म्हणाली, “सुधारणा आहे, अम्मा. कानडीतच बोला त्यांच्याशी.”

ती गेल्यावर अक्का अनुषाला म्हणाल्या, “चाळीस वर्षांत हे माझ्याशी कानडीत बोलले नाहीत. घरात पाहुणा आल्यासारखं वाटतंय गं.”

तेवढ्यात मंडळाने सत्कार ठरवला. सेक्रेटरी अभिराज, पुण्याहून आलेला, बेळ्ळंदूरला कंपनीत नोकरी. मनाने चांगला. तो घरी येऊन म्हणाला, “काकू, फक्त शाल आणि श्रीफळ. काकांनी काही बोलायची गरज नाही. आमच्या नव्या मेंबर्सनी त्यांना पाहिलेलंच नाही.”

अक्कांना नको होतं. पण अण्णा मान हलवत होते, हो, हो. मग सौम्याने त्यांच्याकडून एक वाक्य घोटवून घेतलं. ‘मी सगळ्यांचा आभारी आहे.’ तिला मराठी येत नव्हती. अनुषाकडून कानडी लिपीत लिहून घेऊन तिने ते शिकवलं. घरी अण्णांना ते बहुतेक वेळा जमायचं.

हॉल भरला होता. अण्णा आजारी होते एवढंच आम्हांला ठाऊक होतं, भाषा गेल्याचं नाही. शाल घातली, टाळ्या झाल्या, आणि अण्णांनी अभिराजच्या हातातला माईक घेतला.

“मी,” ते म्हणाले. “मी सगळ्यांचा... भोपळा आहे.”

हॉल हसला. आम्ही जुने लोक सगळ्यांत आधी हसलो.

अण्णांनी मान हलवली. “नाही. भोपळा नाही. मी सगळ्यांचा... सगळ्यांचा...” ते शब्द शोधत होते, आणि त्यांचं ते थांबणं आम्हांला वर्षानुवर्षं माहीत होतं. “जिना,” ते म्हणाले.

मागच्या रांगांत लोक पोट धरून हसत होते. अण्णांनी माईक खाली केला, पुन्हा वर घेतला. “बेडा,” ते ओरडले. “बेडा, बेडा.” त्यावर टाळ्या पडल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसून हसून बऱ्याच जणांच्या डोळ्यांतूनही वाहत होतं.

अक्का उठून स्टेजवर गेल्या. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाल्या, “हे विनोद करत नाहीत. ह्यांना बोलता येत नाही.”

ह्यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. नवरा बोलतो आणि बायको त्याला खोटं पाडते, हेच तर लोक ऐकायला येत.

अक्कांनी माईक टेबलावर ठेवला, अण्णांचा दंड धरला आणि त्यांना पायऱ्यांवरून उतरवू लागल्या. पायऱ्या उतरताना अण्णांचा पाय नीट पडत नव्हता. ते पाहिल्यावर पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो फिरला. ‘काय टायमिंग आहे’ असं त्याखाली लोक लिहीत होते. अनुषाने अभिराजला फोन केला, अभिराजने माफी मागून मंडळाच्या ग्रुपवरून तो काढलाही. पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. लांबच्या नातेवाइकांचे फोन येत. “अण्णा बरे झाले वाटतं, बरं वाटलं पाहून.”

अण्णांनी सौम्याची चित्रं बघणं सोडलं. ती आली की डोळे मिटून घ्यायचे. दोन महिने वाट पाहून तिने येणं थांबवलं, आणि जाताना अक्कांपाशी ती रडली. अभिराज दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

फुलं विकणारी बाई दारात येऊन कानडीत काही बोलली तर ते कधी मान डोलावतात. मराठी मात्र त्यांना ऐकवत नाही. कुणी मराठीत बोललं की त्यांचा चेहरा आक्रसतो आणि ते उठून जायला बघतात. म्हणून त्या घरात आता सगळे कानडीतच बोलतात. आम्ही भेटायला गेलो तरी कानडीत. धारवाडच्या बहिणीचा फोन आला की वसुमतीअक्का गच्चीत जातात, दार ओढून घेतात आणि हळू आवाजात मराठीत बोलून येतात.