पहिल्या मालातला कॅमेरा

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी माझ्या यजमानांनी मुंबईच्या एका दुकानात नव्या कॅमेऱ्यासाठी आगाऊ पैसे भरले. तो कॅमेरा त्यांनी पाहिलेला नव्हता, दुकानदारानेही नव्हता. छापील पत्रकातलं चित्र तेवढं पाहिलं होतं. मुठीत मावेल एवढा, काचेच्या प्लेटांऐवजी फिल्मवर फोटो काढणारा.

भोरच्या पेठेत आमचं फोटोचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. तीन पायांच्या स्टँडवरचा जुना कॅमेरा जड होता, पण त्याने कधी दगा दिला नव्हता.

मी म्हटलं, "आधी कुणाचा तरी वापरून झालेला बघा, मग घ्या."

"सगळ्यांनी घेतल्यावर घेण्यात काय अर्थ?" हे म्हणाले. "पहिल्या मालातले मोजकेच इकडे येणार आहेत."

पैसे उभे करायला त्यांनी जुना कॅमेरा विकला. नवा हातात येईपर्यंत तरी थांबा, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. दुकानाची फळी रोज उघडायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं. अख्खी लग्नसराई तशीच गेली. मुंबईहून दरवेळी एकच उत्तर यायचं, माल जहाजावर चढला आहे.

पार्सल एकदाचं आलं तेव्हा लढाईला तोंड लागलं होतं. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी वेल्ह्याकडच्या डोंगरातली एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली. नवरा मागेच वारलेला, हा एकुलता एक. तो पलटणीत भरती झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला हजर व्हायचा होता.

"पोराचा येक फोटू काडून ठेवा," ती म्हणाली. "त्यो लांब चाललाय."

मी यांना आत बोलावलं. "आधी एक रोल काढून, धुऊन बघा. नाहीतर त्या मायलेकरांना पुण्यालाच फोटो काढून घ्यायला सांगा."

"नवाकोरा आहे. त्यात काय बघायचं?"

पोराने दोनदा टोपी सारखी केली. आईने त्याच्या सदऱ्याची गुंडी लावली आणि बाजूला झाली. यांनी बरेच फोटो काढले. रात्री फिल्म धुतली, तर ती टोकापासून टोकापर्यंत काळी. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून उजेड आत शिरत होता.

हे मुंबईला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "पहिल्या मालात असं थोडंफार व्हायचंच. दुसरा माल येईल त्यात दुरुस्ती असेल. पण आता लढाईत तो कधी येतो, कोण सांगणार?" पैसे परत मिळणार नव्हते. कॅमेराही बदलून मिळाला नाही.

ती बाई फोटो न्यायला आली तेव्हा यांनी तिला सांगितलं, अजून झाला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. अशा तिच्या किती खेपा झाल्या, मला सांगता येणार नाही. आणि मग एकदा ती अशा काही चेहऱ्याने आली की मी न विचारताच समजले. मुलगा परदेशात लढाईत पडला होता.

"आता तरी द्या," ती म्हणाली.

यांनी तिला खरं सांगितलं. ती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "जे काय हाय ते दावा."

हे आतून फिल्म घेऊन आले. तिने ती दारातल्या उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"ह्यात कुठं हाय त्यो?"

मी म्हणाले, "त्यात तो दिसत नाही, बाई."

"दिसत न्हाई, पर हाय न्हवं?"

तिने फिल्म पदराच्या टोकाला बांधली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या दुकानाकडे फिरकली नाही. बाजारात एकदा समोरासमोर आलो, तर तिने मान वळवली.

यांनी दुकान सोडलं आणि संस्थानच्या कचेरीत कारकुनी धरली. आमच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर पुण्याहून आणावा लागला. तो फोटो काढत होता तेव्हा हे मांडवाबाहेर जाऊन बसले होते. मी त्यांना बोलवायला गेले नाही.