दोन वेण्यांची सीरियल आणि माझी हिंदी

आधी हातातले कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा एकीच्या साडीवर चहा सांडला, आणि तो दोषही माझ्याच माथी आला. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण हा एक पिकायला चांगली आठ-नऊ वर्षं लागली!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कुंभकोणमची. मराठीच, पण तिथली. आमचे पूर्वज मराठे राजांच्या काळात तिकडे गेले ते गेलेच. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. मद्रासच्या उत्तरेला मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. आणि हिंदी? रेल्वे स्टेशनच्या पाटीवर ती अक्षरं दिसायची, एवढीच आमची ओळख.

पण कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या आमच्या गल्लीचा हिशेब सरळ होता. मराठी वरच्या मुलखातली, हिंदीही वरच्या मुलखातली. मग एक येते तिला दुसरी येणारच की!

ऐंशीच्या दशकात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गल्लीतला पहिला टीव्ही आणला. गच्चीवर नारळाच्या झाडाशी स्पर्धा करणारी अँटेना. संध्याकाळी दिल्लीचे कार्यक्रम लागायचे, सगळे हिंदीत. त्यातच ती सीरियल सुरू झाली. शाळेतल्या चार मैत्रिणी, त्यातली मुख्य पोरगी दोन वेण्यांची. सीरियलचं नाव कुणाला वाचता येईना, म्हणून गल्लीनंच बारसं केलं: 'रेट्टै जडै'. दोन वेण्या!

पहिल्याच भागाला समोरच्या रंगनायकी मामी माझ्याकडे वळल्या. "एन्न सोल्रा?" काय म्हणतेय ती?

आता 'मला नाही कळत' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मी तोंड उघडायच्या आत मामंजींनी झोपाळ्यावरून जाहीर केलं, "आमच्या सुनेस सगळें समजतें! सांग गे त्यांस."

लग्नाला तीन महिने झालेले. भरल्या खोलीत सासऱ्यांना खोटं पाडू? सांगितलं मग.

"ती म्हणतेय, घरी पाहुणे येणार आहेत."

आणि आले की हो पाहुणे, दुसऱ्याच मिनिटाला! सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना बोलावलं होतं. तिथंच मी संपले.

मला कळायचे तीन शब्द: पानी, घर आणि नाम. बाकी सगळा कारभार चेहरे बघून. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दिसले, त्यांना मी आजोबा करून टाकलं. चार आठवड्यांनी तेच आजोबा सलाम ठोकून मोटारीचं दार उघडताना दिसले! आता? मी उसासा टाकला, "वाईट दिवस आले हो बिचाऱ्यांवर." मामींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, खोटं नाही सांगत.

मामींची कमला तेव्हा सतरा वर्षांची. अभ्यासात हुशार. तिला कॉलेजात जायचं होतं आणि वडिलांनी मन्नारगुडीच्या भातगिरणीवाल्यांचं स्थळ जवळजवळ नक्की केलं होतं. टीव्ही बघताना ती माझ्याच शेजारी बसायची, गुडघ्यांना मिठी मारून, गप्प.

आणि मग आला तो भाग. दोन वेण्यांवाली एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात कसलासा कागद घेऊन बापासमोर उभी. बाप ओरडतोय, पोरगी रडतेय.

"एन्न सोल्रा?"

मी कमलाकडे पाहिलं आणि जीभ सुटली. "ती म्हणतेय, अप्पा, मला एवढ्यात लग्न नको. हा कॉलेजचा फॉर्म. मी हॉस्टेलला राहून शिकणार."

मुद्दाम केलं का? शप्पथ सांगते, त्या क्षणी मला तसंच ऐकू आलं. शेवटी बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "शिक पोरी, म्हणतोय."

मामी उठल्या, थेट घरी गेल्या. वीस वर्षांत नवऱ्यासमोर 'नको' हा शब्द न काढलेली बाई! आणि म्हणाल्या, "त्या दिल्लीच्या बापाला कळतं, मग तुम्हाला का कळू नये?" दोन दिवस त्यांच्या घरात भांडण, मग अबोला, आणि तिसऱ्या दिवशी स्थळाला नकार गेला. कमला कॉलेजात गेली. सीरियल बिचारी तेराव्या भागाला बंद पडली, पण आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं चालू राहिली.

नव्वदीत केबल आली. कमला तोवर तंजावरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली होती. एके दिवशी मामी धावत आल्या. "अगं, रेट्टै जडै पुन्हा लागतेय! तीसुद्धा तमिळमध्ये! आता तुला त्रास नको."

मी तडक झोपाळ्याकडे गेले. मामंजींजवळ सगळं कबूल केलं.

"मग तेव्हांच सांगायचें होतें गे!"

"तुम्हीच तर म्हणालात, सुनेला सगळं समजतं!"

"मीं मराठीविषयीं म्हटलें असेन," म्हणून त्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. झालं! एवढाच काय तो आधार.

पहिले काही भाग कसेबसे निभले. आजोबा ड्रायव्हर निघाले, तर मामी म्हणाल्या, "दुसऱ्याच कुणाचा आवाज लावलाय मेल्यांनी." पण सुटकेसच्या भागाला त्यांनी मुद्दाम कमलाला बोलावलं. खोली गच्च भरलेली. मी दाराजवळ, पळायला सोयीचं म्हणून. भीती माझ्या अब्रूची होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की ज्या एका वाक्याच्या जोरावर ही बाई आयुष्यात एकदा ताठ उभी राहिली, ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं, हे आता तिला कळणार.

पडद्यावर पोरगी रडत रडत स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा, सगळ्या जणी सिमल्याच्या सहलीला चालल्यात. या कागदावर सही करा ना!"

बाप गरजला, "गणितात नापास, आणि सहल हवी?"

मामींनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मामी," मी म्हटलं, "मला खरं तर..."

कमलानं माझं मनगट घट्ट धरलं. खाली मान घालून ती हसत होती आणि डोळे भरलेले होते. "अक्का," ती पुटपुटली, "राहू द्या. अम्मा माझ्यासाठी भांडली ना, ते तर खरं आहे."

मी तिच्या हातावर माझा हात ठेवला.

तेवढ्यात मामी कडाडल्या. "सत्यानाश केला कथेचा! कॉलेजला निघालेल्या पोरीला सहलीला पाठवलं! कागद आणा. पत्र लिहायचं त्या टीव्हीवाल्यांना. तू लिही गं, मूळ गोष्ट तुलाच ठाऊक आहे."

त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. मूळ हिंदीत मुलगी हॉस्टेलला जाते. तुम्ही आमच्या गल्लीची मनं दुखावली.

"आणि शेवटी घाल," मामी म्हणाल्या, "की हिंदीचा गंध नसलेल्या माणसांना असल्या कामाला बसवू नका."

घातलं. माझ्या हातानं, वळणदार अक्षरात. मग मामींनी पेन पुन्हा माझ्याच हातात दिलं.

"पहिली सही तुझी. या गल्लीत हिंदी येते कुणाला दुसऱ्या?"