मामीच्या हातचा खून

आमच्या मामीइतके खून अख्ख्या नवी मुंबईत कुणी पचवले नसतील. आठवड्याला एक, सुट्टीच्या दिवसांत दोन. दुपारची भांडी घासून झाली आणि मामा होडीवरून येऊन घोरायला लागला, की ही दिवाळे गावातल्या घरी ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसते. मामाचाच चष्मा मामाच्याच खिशातून काढून नाकावर चढवते आणि एखादा गोरा म्हातारा मेला की पाय लांब करते. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी सगळीकडे सांगते, म्हणून इथंही सांगून ठेवते. पण परीक्षेला लागतील तेवढीच पुस्तकं मी उघडली. परीक्षा नसताना पुस्तक उघडणारी आमच्यात पहिली मामीच.

खून तिला सभ्य लागतात. भल्यामोठ्या घोळ माशाचं डोकं एका घावात वेगळं करणारी ही बाई, पण पुस्तकात रक्त आलं की मिटून ठेवते. "ह्ये काय वाचायचं, घरात काय कमी चिरते मी," म्हणते. तिचा खून म्हणजे टुमदार गाव, दारात फुलं, चहाबरोबर केक, आणि चहा निवायच्या आत खुर्चीत मान टाकलेला एक श्रीमंत म्हातारा. मग त्या गावातली एखादी बेकरीवाली किंवा लायब्ररीवाली बाई, जिला पोलीस आधी हसतात आणि शेवटी खुर्ची देतात. सगळं मराठीत आलेलं. बेलापूर स्टेशनच्या बाहेर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्या भैयाकडून ती पुस्तक नेते आणि वाचून झालं की त्यालाच परत देते. पुस्तकात खूण म्हणून जे हाताला लागेल ते घालायची तिला सवय आहे. एकदा त्या भैयानं पुस्तक झटकलं आणि आतून सुक्या बोंबलाचं शेपूट पडलं. "मौसी, किताब वापस लूँगा, मछली नहीं," असं तो म्हणाला. मामीनं शेपूट उचललं, पदराला बांधलं आणि शांतपणे विचारलं, "दुसरा खून है क्या?"

दोन खुनांच्या मध्ये, जेवणानंतर सुपारी टाकावी तसं, ती एखादं माहितीचं पुस्तक तोंडात टाकते. ही पुस्तकं मात्र घरच्यांना सोसावी लागतात. खुनाचं पुस्तक ती एकटी वाचते, माहितीचं पुस्तक अख्खं घर जगतं. झोपेवरचं पुस्तक आलं तेव्हा दिवेलागणीला घरात दिवे लागायचे बंद झाले आणि मामाला अंधारात जेवताना काटा लागला. कमी सामानात सुखानं राहण्याचं पुस्तक आलं तेव्हा तिनं घरातली निम्मी भांडी शेजारणीला देऊन टाकली आणि पुढच्या रविवारी पाहुणे आले तशी तीच भांडी शेजारणीकडून मागून आणली. शेजारीण म्हणाली, "सुखानं राहते ना बाय? मंग टोप घासून दे." सगळ्यात वाईट महिना समुद्रातल्या प्राण्यांच्या पुस्तकाचा. मामानं हौसेनं ताजी माकुलं आणली होती. मामी ती हातात घेऊन उभीच राहिली. "याला तीन काळजं असतान," म्हणाली. "तीन काळजांच्या जिवाला मी मसाला कसा लावू?" मामा म्हणाला, "मना एकच हाय. त्याचा बी विचार कर." त्या महिन्यात मामानं माकुलं बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी येऊन खाल्ली.

पण मामीची खरी खोड वाचण्याची नाही, सांगण्याची. वाचलेलं पोटात ठेवणं तिला जमत नाही. संध्याकाळी बायका जवळा निवडायला बसल्या की मामी खून काढते. अडचण एकच, गोऱ्या लोकांची नावं तिच्या जिभेवर टिकत नाहीत. मग ती त्यांना आपल्या गावांत आणून वसवते. पाद्र्याचा पुजारी होतो, केकचा शिरा होतो, स्टेशनमास्तर न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर म्हणून लागतो. घर सांगायचं तर तिला डोळ्यापुढं घर लागतं. म्हणून कुठं हळदीला, कुठं बारशाला जाताना रिक्षातून जी घरं दिसली असतील ती सगळी तिनं वापरून टाकली आहेत. उलव्यात एका घरी दोन भाऊ बुडाले, करंजाड्यात एका वकिलाच्या दुधात काहीतरी पडलं. ऐकणाऱ्या बायकांतल्या निम्म्यांना ते पुस्तकातलं असल्याचं माहीत असतं. उरलेल्या निम्म्या मधेच उठून जातात, पाणी भरून येतात, आणि परत येईपर्यंत त्यांच्या लेखी ती बातमी झालेली असते.

याचा त्रास एरवी कुणाला झाला नसता. झाला तो मला.

मी तेव्हा बेलापूरला एका ऑफिसात आयातीची कागदपत्रं बघायचे. न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे एक मुलगा होता, तो माझ्या कागदांतल्या चुका काढायचा आणि मी त्याच्या. रोज फोनवर भांडण. एके दिवशी त्याचा फोन आला नाही आणि मला जेवण गेलं नाही, तेव्हा प्रकरण माझ्या लक्षात आलं. मुलगा जासईचा. त्याच्या काकांनी आमच्याकडे मागणी घातली. बाबांना पसंत, मला तर पसंतच. आणि अशात एका सकाळी दिवाळ्याची मासळीवाली आमच्या दारात पाटी उतरवून आईला म्हणाली, "पोर जासईला देता म्हनं? त्या गुलाबी बंगल्यात? नका देऊ. त्या घरात सुनंनी म्हाताऱ्याला गोडातनं विष घातलान. पोलिसांचीबी तोंडं गोड केली."

आईच्या हातातला पापलेट पाटीत परत पडला. मी म्हटलं, त्याचे वडील चांगले धडधाकट आहेत, काल फोनवर मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "मग म्हातारा म्हणजे आजोबा असेल." त्याचे आजोबा खरंच वारलेले होते, आणि आईला तेवढा पुरावा पुरला. मी पुष्कळ वाद घातला. मी शिकलेली, मी कमावती, मी अमुक, मी तमुक. आई एवढंच म्हणाली, "बी.कॉम.ला विष ओळखायला शिकवतात का?" मग तिनं खातरजमा करायला भावजयीला फोन लावला.

आता मामीनं तिथल्या तिथं सांगायला हवं होतं की अगं बाई, हे तर माझं पुस्तक. पण मामीनं त्यानंतर आणखी चाळीस-पन्नास खून वाचलेले. मागचे खून तिला आठवत नाहीत. आणि गोष्ट तिच्या तोंडून निघून चार वाड्यांतून फिरून परत येईपर्यंत इतकी सुधारली होती की तिनं ती नवीन म्हणून ऐकली, आणि तिला ती फार आवडली. "गोडातनं?" तिनं विचारलं. "आनि पोलिसबी मिळालेले?" फोनवरसुद्धा तिचा चष्मा नाकावर चढल्याचं मला कळलं. पण एक गोष्ट तिनं त्या दिवशी केली, ज्यासाठी मी तिची माकुलं, बोंबील सगळं माफ केलं आहे. ती आईला म्हणाली, "नुसत्या बोलन्यावर पोरीचं लगीन मोडायचं नाय. पुरावा लागतं. आपन घर बगायला जाऊ."

घर बघायला बायकांनी जायचं, मुलीनं नाही, अशी आमच्यात रीत. मी हट्टानं गेले. आईचा निर्णय त्याच दुपारी होणार होता, आणि तो होताना मला तिथं असायचं होतं. रिक्षात मामीनं आम्हाला नियम सांगितले. कुणाकडे रोखून बघायचं नाही. प्रश्न मी विचारणार. आणि त्या घरात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

बंगला गुलाबीच होता. गेटवर सिमेंटचे दोन सिंह, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. मामी रिक्षातून उतरली आणि त्या सिंहापुढं थबकली. आई म्हणाली, "वयनी, चला की." मामी हलेना. "ह्यो सिंह मी कुटंतरी वाचलाय," ती पुटपुटली. आतून लुंगी नेसलेले एक गृहस्थ हातात पाण्याचा पाइप घेऊन आले, जास्वंदीला पाणी घालता घालताच त्यांनी "या, या" केलं. हे मुलाचे वडील, सगळ्यांचे आबा. मामीनं एकदा जास्वंदीकडे बघितलं, एकदा आबांकडे, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

आबा पाइप ठेवून आत आले आणि आम्ही हॉलमध्ये बसलो. आई पदर आवळून, मामी डोळे मिटून. थोरली सून, हसतमुख बाई, पोहे घेऊन आली, आणि प्रत्येक बशीत कडेला कैरीच्या मुरांब्याची एकेक फोड. आईनं ती फोड बघितली आणि बशी टेबलावर ठेवली. मग मामीनं डोळे उघडले, तिनंही फोड बघितली, आणि उठून उभी राहिली.

"सगले बसा," ती म्हणाली. सगळे बसलेलेच होते. तिच्या पुस्तकांत शेवटी असंच असतं, सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुनी सांगतात. "या घरात खून झालेला हाय," मामी म्हणाली. थोरल्या सुनेच्या हातातलं तांब्याभांडं वाजलं. "आनि तो मी केलाय."

मग तिनं सगळं सांगितलं. मागल्या वर्षी हळदीला येताना रिक्षातून हा बंगला बघितला, तो मनात भरला, त्याच आठवड्यात वाचलेल्या पुस्तकातला म्हातारा तिनं इथं आणून बसवला, जास्वंदी लावल्या, मुरांब्यातून विष घातलं. सिंहाचा कान तुटलेला होता तोसुद्धा तिनं तसाच ठेवला होता. आईकडे तिला बघवत नव्हतं आणि माझ्याकडे तर नाहीच. आबा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे मेला तो मी?"

"व्हय."

"आनि मना मारलान कोनी?"

मामी घुटमळली. "धाकट्या सुनंनी."

आबांनी थोरल्या सुनेकडे बघितलं, मग सावकाश मान वळवून माझ्याकडे. "धाकटी सून तर अजून आयलीच नाय," ते म्हणाले. "मंग आनाया पायजे. काम अर्धवट बरं नाय."

मग आईनं बशी पुढं ओढली, मुरांब्याची फोड उचलली आणि तोंडात टाकली. माझं लग्न त्या फोडीवर ठरलं.

लग्नानंतर मामीचं जासईला येणं वाढलं. एरवी पेपरातलं भविष्यसुद्धा न वाचणारे आबा तिची वाट बघायचे. ती गेट उघडायच्या आत दारातूनच विचारायचे, "विहीनबाय, आज कसा मारला?" मामी झोपाळ्यावर बसायची आणि त्यांना मारायची. कधी जिन्यावरून ढकलून, कधी चुकीच्या गोळीनं, एकदा तर मधमाश्या सोडून, कारण तेव्हा मध्येच मधमाश्यांचं पुस्तक झालं होतं. आबांना अटी होत्या. आपल्याला चहा पिऊन झाल्यावर मारायचं, आधी नाही. खुनी घरचाच असावा, पण थोरली सून नको, ती बिचारी रडते. राहिले मी. मी आबांना इतक्या तऱ्हांनी मारलं आहे की त्यांच्या औषधाच्या गोळ्या मी काढून दिल्या की ते गोळी उजेडात धरून बघायचे, मग माझ्याकडे, आणि गिळायचे.

गेल्या वर्षी आबा गेले. संध्याकाळी चहा घेतला, झोपाळ्यावर जरा आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. कुणी काही केलं नाही, कुणाला काही शोधावं लागलं नाही. मामी आली. पदर तोंडाला लावून दिवसभर कोपऱ्यात बसून राहिली. बारावं-तेरावं होऊन महिने गेले तरी तिनं खुनाचं पुस्तक काही हातात धरलं नाही. नुसती माहितीची पुस्तकं, ढगांचं, मिठाचं, पाखरांचं. मामानं मला फोन केला, "बाय, तिला एक खून आनून दे गो. घरात लय शांत झालंय." तेव्हा मीच बेलापूरच्या त्या भैयाकडे गेले, आणि मुखपृष्ठावर फुलं असलेला एक खून निवडून आणला.

परवा मामी तो वाचून जासईला आली. सवयीनं झोपाळ्यावर बसली, मी शेजारी. तिनं गोष्ट काढली. बंगला होता, गाव होतं, केक होता, म्हणजे शिरा होता. दागिने चोरीला गेले, मांजर हरवलं, शेवटी पुजाऱ्याचा भाचा पकडला. मी विचारलं, "मामी, आणि म्हातारा? तो कसा मेला?"

मामीनं झोपाळ्याला पायानं हलका रेटा दिला. "यात म्हातारा मरत नाय," ती म्हणाली. "म्हातारा हाय की. दारात फुलांना पानी घालतं. सगल्या पुस्तकभर पानीच घालतं."

तिला सांगितलं नाही, पण ते पुस्तक तिच्याकडे द्यायच्या आधी मी वाचलं होतं. परीक्षा नसताना वाचलेलं माझं पहिलं पुस्तक. त्यात म्हातारा पहिल्याच प्रकरणात मरतो. मी नुसतं "बरं झालं" म्हटलं, आणि उठून आम्हा दोघींना चहा टाकायला आत गेले.