नावं आत वळवलेले पेले

भालकीच्या स्टँडवर बीदरची गाडी लागली होती. माय आमचं गठुडं खिडकीतून आत ढकलत होती. त्यात आमच्या लग्नात मामांनी दिलेले स्टीलचे चार पेले होते. प्रत्येकावर कोरलेलं : ‘जय भीम. मामाकडून भेट.’ अप्पा खिडकीखाली उभे होते. म्हणाले, “जात इचारली तर खरं सांग. न्हाई इचारली तर कामून सांगायलास?” गाडी हलली. गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना मी हात केला, पण कानात अप्पांचं वाक्यच राहिलं.

बीदरला मी शाळेत गणित शिकवायचो, बायको दवाखान्यात नर्स. खोलीसाठी हिंडलो. तीन ठिकाणी जात विचारली, मी सांगितली, खोली मिळाली नाही. चौथं घर एका विधवा बाईंचं होतं. त्या कानडी, पण माहेर उदगीरचं, त्यामुळं मराठी लिहिता-वाचता यायचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांनी गाव विचारलं, नोकरी विचारली, मटण शिजवता का ते विचारलं. शिजवणार नाही म्हणालो आणि ते पाळलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. जात त्यांनी विचारली नाही. मी सांगितली नाही. त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली.

अप्पांच्या सांगण्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यात रोज राहावं लागलं. गावात आमची मुलं भेटेल त्या मोठ्या माणसाला जय भीम घालायची, इथं आम्ही त्यांना नमस्कार शिकवला. बुद्धाची तसबीर पेटीत कपड्यांखाली गेली. उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी दाराला आतून कडी. मुलांना सांगायचो, ऊन लागेल. ऊन होतंच. कडी मात्र त्यासाठी नव्हती.

बाहेर गारीगारवाल्याची घंटी वाजली की सात वर्षांची सुजाता आणि चार वर्षांचा आनंद दाराच्या फटीला डोळे लावून बसायचे. म्हणून मी घरीच गारीगार करायला घेतलं. पाच पेले पाण्याला एक पेला साखर. त्याहून जास्त घातली की नीट गोठत नाही, हे पहिल्याच खेपेला कळलं. वर लिंबू, चिमूटभर मीठ. पेल्याच्या तोंडाला कागद बांधायचा आणि त्यातून खराट्याची धुतलेली काडी खोचायची. काड्या खोचायचा मान आनंदचा. फ्रिज मात्र अक्कांकडे. अल्युमिनियमचे कोरे पेले भरून मी स्वतः वर नेऊन ठेवायचो.

एका दुपारी मी मागं पाणी भरत होतो. अक्कांनी वरून हाक मारली आणि सुजाताच पेले घेऊन गेली. मी आत आलो तर अल्युमिनियमचे पेले मोरीत पालथे होते. फळीवर नावं भिंतीकडे करून ठेवलेले मामांचे चार पेले नव्हते.

“ते चमकतात, पप्पा,” सुजाता म्हणाली.

मी जिना चढलो. अक्का सुपात तांदूळ निवडत होत्या, चष्मा नाकावर.

“येन्री, काय हो मास्तर, गारीगार पोरांचं आणि घाम तुम्हाला?”

“पेले बदलायचे होते, अक्का.”

“आता उघडायचं न्हाई. गार निघून जातंय. पोरांपरीस तुम्हालाच घाई झालीय!”

खाली आलो. बायको ड्यूटीवरून आल्यावर तिला सांगितलं. “खोली जाईल,” ती हळू म्हणाली आणि लगेच नेहमीच्या आवाजात मुलांना, “आता होईल हं गारीगार.”

संध्याकाळी अक्का स्वतः ताट घेऊन खाली आल्या. ताटात चारही पेले एकमेकांना खेटून ठेवलेले, कोरलेली बाजू आत.

“घ्या रे. तुमच्या बापाला धीर न्हाई.”

मुलं काड्या धरून चोखत होती, हसत होती. मी ताटाकडे बघत होतो. मुद्दाम वळवले की तसेच आले? गणिताच्या मास्तराला हे सुटलं नाही. वाचलं असेल, तर आता आम्हाला लपवणारं आणखी एक माणूस झालं होतं. विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजे सांगणंच. त्या खोलीत आम्ही पुढं कैक वर्षं राहिलो. अक्का शेवटपर्यंत तशाच थट्टा करत राहिल्या. मी शेवटपर्यंत जिन्यावरच्या त्यांच्या पावलांचा अंदाज घेत राहिलो.

तुम्ही पत्रातून विचारता, बीदरला घर झालं का? झालं. दोन खोल्या, दाराला नावाची पाटी, तसबीर समोरच्या भिंतीवर, फ्रिजसुद्धा. या उन्हाळ्यात गावाकडून भावाची लहान मुलं आली. सुजाता आता कॉलेजात आहे. तिनं त्यांना घेऊन गारीगार लावलं, मामांच्याच पेल्यांत. बर्फाचा कप्पा उघडला तर चारही नावं बाहेर. माझा हात आपोआप पुढं गेला. पेले वळेनात, बर्फाला घट्ट धरून बसले होते.

“पप्पा, दार लावा. गार निघून जातंय,” सुजाता मागून म्हणाली.

मी दार लावलं. तर, घर पेल्यांचं झालं. माझ्या हाताचं अजून व्हायचंय.