नागपंचमीचं मोजमाप

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण टिकणार की जाणार हे ठरायचं होतं, आणि ते ठरवायला मी गावी गेले. सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, हे पटलं नव्हतं. अर्जावर सही करताना म्हणाले, "सणाला घरी जायचं तर सुट्टी मागायची. उपकरण कशाला न्यायचं?"

उपकरण म्हणजे चहाच्या ट्रेएवढी पाटी. तिच्यावर पारदर्शक डबी आणि डबीत विजेच्या जोरावर अधांतरी धरलेला हिऱ्याचा कण. धुळीएवढा, कुठेही न टेकलेला. त्या हिऱ्यात काही ठिकाणी कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसलेला असतो आणि शेजारची जागा रिकामी राहिलेली असते. खोटच ती. पण त्या खोटीतले इलेक्ट्रॉन बारीक चुंबकासारखे वागतात. हिरवा प्रकाश टाकला की कण लाल चमकतो, आणि एका ठरावीक मायक्रोवेव्हला ती लाली उतरते. पडद्यावर तिथे खाच दिसते. आसपासचं चुंबकत्व बदललं की खाच सरकते. एवढंच माझं शास्त्र, बाकी सगळी चिकाटी.

प्रयोगशाळेत माझी खाच दिवसभर हळूहळू सरकत राहायची. सर म्हणत, तुझा कण नीट धरला जात नाही, कलतो. मी म्हणायचे, कण ठीक आहे, इमारत बदमाश आहे. एका बाजूला लिफ्ट, पलीकडे रेल्वे. दोन वर्षांचं काम होतं. सरांचं खरं निघालं असतं तर ते सगळं पाण्यात.

आमचं गाव कशेळ्याहून आत. नागपंचमीला तिथे जमिनीला लोखंड लावत नाहीत. टिलर नाही, कुदळ नाही, घरात विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत. फार्महाउसचे प्लॉट पाडणाऱ्यांचा जेसीबीही उभा असतो, कारण चालवणारा आमच्यातलाच. अशी गप्प जमीन मला कुठल्या संस्थेत मिळणार होती? मीटिंगमध्ये हे सांगितलं तर बरोबरचा एक जण म्हणाला, "आता अंधश्रद्धा पण मोजणार का?" म्हटलं, श्रद्धा तुझी-माझी काहीही असो, जेसीबी बंद असतो.

काकाच्या घरी मागच्या खोलीत लाकडी टेबलावर पाटी मांडली. बॅटरीवर. घरातला मेन स्विचच पाडला. सकाळपासून लोक बघायला येत होते.

"हिरा हाय म्हनं? कुटं?" शेजारच्या आजोबांनी डबीला नाक लावलं.

"तो हिरवा ठिपका दिसतोय ना, त्यात."

"येवढासा? येवढ्यासाटी इतकी वर्सं शिकलीस गं?"

"मोठा असता तर तुम्ही सुनेच्या नथीत बसवला असता."

चार तास खाच जागची हलली नाही. पडद्यावर सरळ रेघ. मी ती रेघ बघत बसले होते, जसं कुणी आपल्या पोराला चालताना बघावं. मग काकीनं पातोळ्या खायला हाक मारली, आणि मी गेले.

परत आले तर खाच सरकलेली. हळूहळू नाही, एकदम उडी. मी नसताना. बॅटरी बघितली, लेझर बघितला, तारा बघितल्या. त्या तासाभरात मला वाटलं, सर बरोबर होते. हे लिहायला मला लाज नाही, तेव्हा वाटलं ते वाटलं.

शेवटी टेबलाखाली वाकले. खालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता.

"काकी, हा कुणी ठेवला?"

"मी. सकाळधरनं आर्दा गाव वाकून बगून गेला तुज्या हिऱ्याला. बाळंतिनीच्या उशाला ठेवतात तसा ठेवला, दिष्ट लागू नाय म्हनून."

"आज लोखंड चालत नाही ना?"

"कापाया चालत नाय. ठेवाया कोन नाय म्हनतंय?"

अडकित्ता अंगणापलीकडे नेला, खाच पहिल्या जागी. परत ठेवला, खाच सरकली. दहा वेळा केलं. काकीच नेत-आणत होती. "ने, आन, ने, आन," ती म्हणाली. "करवलीला पन येवढं नाचवत नायत." दहाही वेळा खाच तेवढीच सरकली आणि तेवढीच परत आली. माझा कण कलत नव्हता.

सरांनी प्रकरण वाचलं आणि बोलावून घेतलं.

"आकडे चांगले आहेत. पण काकी, अडकित्ता, दृष्ट, हे काय? 'एक लोखंडी वस्तू ठेवून संवेदक तपासला' असं लिही."

"पहिल्यांदा मी ठेवली नाही, सर."

"तपशील आहे तो."

"नाही. मला माहीत नव्हतं तरी उपकरणाला कळलं. मी ठेवली असं लिहिलं तर ते खोटं, आणि चाचणीची निम्मी किंमत गेली."

"तुझ्या भल्याचं सांगतोय. दुसऱ्या कुणाला असलं खपून जातं. तुझ्याकडे लोक आधीच..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीच मनात पुरं केलं: गावाकडची म्हणून कमी धरतात. मला ते पाठ आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. खोटं लिहायला गेले नव्हते. तसं सांगितलं. प्रकरण तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून राहिलं. मग निरोप आला, तो मजकूर तळटीपेत घाल. जागा हलली तर हलली, म्हटलं, शब्द हलणार नाही. प्रबंध इंग्रजीत, पण 'अडकित्ता' अडकित्ताच राहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक थेट त्याच पानावर आले. "हे काय असतं?"

"सुपारी कातरायचं."

मागून कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत.

"ठेवणाऱ्या बाईंना प्रयोग काय आहे ते माहीत होतं?"

"नाही."

"आणि ठेवल्याचं तुम्हाला?"

"नाही."

"मग ही तुमची सगळ्यात चांगली चाचणी आहे. ती तळटीपेत का?"

मी सरांकडे बघितलं. सर पेनाकडे बघत होते.

दुरुस्ती एकच निघाली: मजकूर वर घ्या, वस्तूचं वजन द्या. रविवारी काकीबरोबर कशेळ्याच्या किराणा दुकानात गेले. दुकानदारानं अडकित्ता काट्यावर ठेवला. "भंगारात घालतेस का काकी?"

"पुस्तकात घालतोय," काकी म्हणाली. "तू आकडा सांग."

आकडा कोष्टकात गेला. वाक्य तळटीपेतून वर घेताना मी त्यातला एकही शब्द बदलला नाही: अडकित्ता माझ्या काकीने ठेवला, मला न सांगता.