कुंडलिक मिस्त्रींचं नाक

मानसिंगरावांची जुनी, गोल पाठीची डुक्कर फियाट शुक्रवारी दुपारी पुन्हा शेडमध्ये आलेली पाहिली, तेव्हा कुंडलिक मिस्त्रींना राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. सोमवारीच त्यांनी तिचं ऑइल बदललं होतं. आज गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली की ऑइलचा लाल दिवा पुन्हा लुकलुकत होता.

"मिस्त्री, परवा लगीन हाय," मानसिंगराव म्हणाले. "माज्या तिन्ही आत्या ह्याच गाडीत बसून नांदायला गेल्या. माजी लेक शेफाली बी हिच्यातनंच लावून द्यायचीय, वरंधा घाट उतरून महाडला. तुमी व्हय म्हणाल तरच गाडी काढतो."

ऑइल पातळ झालं की दाब पडतो, दाब पडला की दिवा लागतो, आणि तरी गाडी दामटली तर इंजिन आतल्या आत घासून जाम होतं. घाटात, नवरी मागच्या सीटवर असताना ते जाम झालं तर काय, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

उत्रोलीचे हे मानसिंगराव भाताच्या शेतीत हुशार, पण मोबाईल हातात आला की ऐकत नाहीत. कुठलासा व्हिडिओ बघून त्यांनी सगळ्यात महागाचं, पाण्यासारखं पातळ ऑइल आणून साठ वर्षांच्या गाडीत ओतलं होतं. दिवा लागला तो त्यानंतर. सोमवारी मिस्त्रींनी त्यांना चांगलंच झापलं होतं. "अवो, म्हाताऱ्या इंजिनाच्या फटी मोठ्या. त्याला जाडच पायजे. वीस-पन्नास नंबरचं घालायचं अन् गप बसायचं!" आणि वीस-पन्नास घालूनही दिवा परत आला होता. आता झापायचं कुणाला?

कुंडलिकांची पत्र्याची शेड नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याला आहे, पस्तीस वर्षं. वेल्ह्याच्या, माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपा याच शेडच्या जिवावर डोंगर चढल्या. इथलं जळकं ऑइल डबे भरभरून वर वाड्यांवर गेलं आणि गोठ्याच्या लाकडी मेढींना वाळवी लागू नये म्हणून फासलं गेलं. मिस्त्रींची ख्याती होती ती नाकाची. ऑइल मोजायची पट्टी उपसायची, थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. इंजिन खोलायची गरजच नसे. माणूसही तसाच, नाकावर माशी बसू न देणारा.

करोनात त्यांचा वास गेला. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत परतला, यांचा चार वर्षं झाली तरी नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरला नाही आणि किकवीच्या घरी बायकोलाही नाही. नाक गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी आणील कोण? पट्टी नाकाशी न्यायचं सोंग त्यांनी चालू ठेवलं आणि बोटांवर नि कानांवर भागवलं. पण सोंगाचाही शीण येतो. रोज संध्याकाळी एसटीत बसताना गुडघ्यांपेक्षा तोच जास्त जाणवायचा.

आजही त्यांनी पट्टी नाकाशी नेली आणि उगाच मान हलवली. ऑइल पातळ लागत होतं. पट्टीवर ते खुणेच्या वर होतं. सोमवारी थकल्या हातानं जास्त ओतलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. "उद्या याहून जाड घालतो," ते म्हणाले आणि चिंधीला हात पुसून ती तशीच खिशात कोंबली.

घरी आल्यावर बायकोनं, ठकुबाईंनी, सदरा भिजवायला घेतला. खिशातली चिंधी काढली आणि तोंड फिरवलं.

"पेट्रोलात हात धुतलं का काय आज?"

"पेट्रोल कुठलं? ऑइल हाय त्ये."

"मग ऑइलात पेट्रोल हाय. लई हाय."

ओसरीवर बसलेल्या कुंडलिकांनी चिंधी हातात घेतली. ऑइल खुणेच्या वर का होतं, ते आता कळलं. त्यांनी जास्त ओतलंच नव्हतं. गाडीला पेट्रोल ओढून देणारा पंप, त्याच्यातला रबरी पडदा फाटला असणार आणि पेट्रोल ऑइलात झिरपत असणार. कितीही जाड घातलं तरी ते पातळच होणार होतं. दिवा मानसिंगरावांच्या ऑइलानं लागलाच नव्हता, बिचाऱ्यांना उगाच बोलणी खावी लागली. पूर्वी हे त्यांनी पट्टी उपसताक्षणी सांगितलं असतं. उद्या आणखी जाड ऑइल ओतून, छातीवर हात ठेवून, त्यांनी त्या पोरीला घाटात धाडलं असतं.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

"ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"करोनाच्याच साली वाटाण्याची उसळ करपून कोळसा झाली हुती. तुमी दोनदा मागून घेतली, वर म्हणालात, झ्याक झालीया." ठकुबाई सदरा चोळत राहिल्या. "तवापासनं तुमची कापडं हुंगूनच भिजिवते. कुठं जळालं, कुठं सांडलं, कळावं म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले."

 कुंडलिकांना बायकोपुढं लाज वाटली आणि त्याहून जास्त स्वतःची.

शनिवारी सकाळच्या एसटीनं दोघं मिळून नसरापूरला उतरली. पंप खोलला, तर पडदा बोटभर फाटलेला. नवा पंप बसवला, सगळं ऑइल काढून ताजं वीस-पन्नास भरलं, आणि फियाट वेल्ह्याच्या रस्त्याला तासभर फिरवून आणली. दिवा लागला नाही. तोवर मानसिंगराव येऊन उभे राहिले होते.

"हुंगा मिस्त्री," ते म्हणाले. "तुमच्या नाकावर आमचा इस्वास हाय."

कुंडलिकांनी पट्टी उपसली. हात सवयीनं वर गेला आणि मध्येच थांबला. हसून मान हलवली असती तर भागलं असतं. दिवा विझलाच होता, कुणाला काही कळलं नसतं. पण शुक्रवारीही त्यांनी अशीच मान हलवली होती.

"मानसिंगराव, चार वरसं झाली, मला कशाचाच वास येत न्हाई," ते म्हणाले. "काल तुमाला जाड ऑइलाचं सांगितलं त्ये चुकीचं हुतं. खरं काय त्ये हिनं सांगितलं. आता बी हीच सांगंल. ही न्हाई म्हणाली तर गाडी हितनं हालायची न्हाई."

 ठकुबाईंनी पदराला हात पुसले, पट्टी धरली, एकदा हुंगली, डोळे मिटून पुन्हा हुंगली. कुंडलिक जुन्या टायरवर बसून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"न्हाई पेट्रोल," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या पोरीला."