घाटमाथ्यावरचं गाऱ्हाणं

जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून आम्ही नवरा-बायकोने चाकांवरचं घर केलं होतं. पडदे मी शिवले आणि स्टिअरिंगही बहुतेक माझ्याच हातात असायचं. त्या हिवाळ्यात कऱ्हाडहून रत्नागिरीला घरी परतताना कुंभार्ली घाटात एवढं धुकं होतं, की पुढचं वळण दिसेना. "चिपळूणला माझ्या मित्राकडे थांबू," हे म्हणाले.

घाटमाथ्यावरच्या देवळाशी मी गाडी थांबवली. ह्यांनी देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी प्रत्येक वाक्याला होकार देत गेले.

"घाट सुखरूप उतरव, महाराजा."

"होय महाराजा."

"चिपळूणच्या गिऱ्हाइकाला ही गाडी पसंत पडू दे, महाराजा."

"होय महाराजा."

शब्द तोंडातून गेल्यावर अर्थ डोक्यात शिरला. मित्र कसला डोंबलाचा, गिऱ्हाईक होतं ते! देवाला सांगितलं, मला नाही.

"मलाच चालवायला लावून माझी गाडी विकायला निघालात?" मी ओरडले.

ह्यांनी शांतपणे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"देवासमोर तूच होय म्हणालीस ना?"